मदतीचा पैसा द्यायचा कसा? देणाऱ्या देशांनी आधी हे बघा

परदेशी मदत म्हटली की सगळे आधी विचारतात, किती दिले? आकडा महत्त्वाचा आहेच. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के द्यावेत हे युनोच्या आमसभेत १९७० ला ठरलं आणि अजून बहुतेक देश तिथवर पोचलेले नाहीत. पण पैसा कुठल्या अटीवर आणि कधी मिळतो ते जास्त बघा असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात आधी "माल आमच्याच कंपनीकडून घ्या" ही अट काढून टाका. ह्या अटीने वस्तू साधारण १५ ते ३० टक्के महाग पडते, म्हणजे मदत गरिबाच्या नावावर आणि फायदा आपल्याच ठेकेदाराला. मलेशियातलं पेरगाऊ धरण बघा, ब्रिटनने त्याला २३.४ कोटी पौंड मंजूर केले, मदत खात्याच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने हा व्यवहार परवडणारा नाही असं सांगितलं होतं तरी रेटलं, त्यात शस्त्रविक्रीशी लागेबांधे निघाले आणि शेवटी १९९४ मध्ये ब्रिटनच्याच हायकोर्टाने ही मदत बेकायदेशीर ठरवली.

दुसरं म्हणजे जो देश आधीच कर्जात बुडालाय त्याला परत कर्ज देऊ नका, अनुदान द्या. कर्ज द्यायचंच तर जिथून उत्पन्न येईल अशा कामाला द्या, वीज, बंदर वगैरे.

आणि पुढच्या काही वर्षांची मदत किती ते एकदम सांगून टाका. दरवर्षी बजेट बघून ठरवू म्हटलं की समोरचा आरोग्यमंत्री नर्सेसची भरती करूच शकत नाही, पगार पुढच्या वर्षी कुठून देणार तो? जागतिक बँकेच्या आयडीएमध्ये, म्हणजे गरीब देशांना स्वस्त कर्ज आणि अनुदान देणाऱ्या शाखेत, देणारे देश साधारण तीन वर्षांचा निधी एकदम कबूल करतात, हे बरं. लसींसाठी २००६ पासून आयएफएफआयएम नावाची निधी उभारायची योजना चालू आहे तेही बघण्यासारखं, देश पुढच्या कित्येक वर्षांचे हप्ते लेखी कबूल करतात, त्या जोरावर बाजारात बाँड विकले जातात आणि पैसा 'गावी' (Gavi) ह्या गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला लगेच मिळतो, मुलांना लस आज टोचली जाते आणि हप्ते नंतर फिटत राहतात. अर्थात व्याज जातं, त्यामुळे जिथे उशीर केला तर जीव जातात तिथेच हे वापरा.

शेवटचं, हिशोब खरा ठेवा. आपल्याच देशात आलेल्या निर्वासितांचा पहिल्या वर्षाचा खर्च मदतीत धरायला नियमाने परवानगी आहे, पण तो पैसा गरीब देशात पोचतच नाही, म्हणून वेगळ्या रकान्यात दाखवा.