एकच बांध, पाच माध्यमे

निसर्गचित्र शिकू पाहणारा नवखा माणूस या रविवारी पणजीच्या फोंतान्हासमधली रंगीत घरे, पुढच्या रविवारी मिरामारचा किनारा, असा फिरत राहतो. जागाही नवी, रंगही नवे. मग चित्र फसले की ते जागेमुळे फसले की माध्यमामुळे, हे कळतच नाही. म्हणून माझा आग्रह आहे: जागा एकच धरा आणि माध्यम बदलत जा.

मी दिवाडी बेट धरले. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की खाजन शेते, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेते, दिसू लागतात. शेत, बांध, माडांची रांग आणि मागे टेकडीवर पांढरी इगर्ज (चर्च). तुम्ही गावातली तळी, व्हाळ (ओढा), जांभ्याचा गडगाही (दगडी कुंपण) घेऊ शकता. फक्त तिथे सावलीत बसता आले पाहिजे आणि पुन्हा पुन्हा जाणे जमले पाहिजे.

सुरुवात पेन्सिलने करा. पुठ्ठ्यात आगपेटीएवढी चौकट कापा आणि एक डोळा मिटून तिच्यातून पाहा. बांधाची रेघ चौकटीच्या बरोबर मध्ये येऊ देऊ नका. आता डोळे किलकिले करा. पाने, कौले, गवत विरघळून तीन-चार छटा उरतील. ६बी या मऊ, गडद पेन्सिलने तेवढ्याच छटांची चार छोटी रेखाटने करा, प्रत्येकी पाच मिनिटांत. माडाच्या झावळ्या मोजत बसू नका, आधी शेंड्याचा एकूण आकार पकडा.

त्याच दृश्याला मग चारकोल लावा. अख्खा कागद चारकोलने करडा करून फडक्याने पुसा आणि पुट्टी रबराने (कणकेसारख्या मऊ खोडरबराने) आकाश व पाणी ‘उचलून’ घ्या. उजेड कोरून काढायचा हा सराव जलरंगात फार उपयोगी पडतो.

जलरंगाला मात्र निवांत वेळ द्या. कागद ३०० जीएसएमचा (जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत) घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो. चार रंग पुरतात: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लेमन यलो आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). पांढरा रंग नको, पांढरे म्हणजे कोरा कागद. तयार हिरवा लावला की भाताचे शेत प्लास्टिकचे दिसते. लेमन यलोत अल्ट्रामरीन मिसळा आणि त्यात बर्न्ट सिएनाचा एक थेंब टाका. मातीतून उगवलेला हिरवा मिळेल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो करडा होतो, त्यात पावसाळी ढगही होतात आणि जांभ्याच्या चिऱ्याची सावलीही.

आपल्याकडच्या दमट हवेची सवय करून घ्यावी लागते. ऑगस्टमध्ये मी एकदा आकाश वाळले समजून त्यावर माड काढला. रंग पसरला आणि शेंड्याच्या जागी कोबी उगवला. चमक गेली म्हणजे कागद वाळला असे नाही. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवून पाहा. गार लागला तर अजून ओल आहे. पण हीच ओल दूरच्या झाडांसाठी वरदान असते. चमक नुकती उतरू लागली की कमी पाण्याचा, दाट रंग टेकवा. कडा आपोआप मऊ होतात.

मांडवीला भरती-ओहोटी आहे, त्यामुळे दोन तासांत पाण्याची रेघही सरकते आणि सावल्याही. बसल्याबसल्या दोन्ही खुणा करून ठेवा आणि शेवटपर्यंत त्याच पाळा. सरकत्या उजेडामागे धावलात तर एका चित्रात दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा शिरतात.

सॉफ्ट पेस्टलसाठी (खडूसारख्या रंगकांड्यांसाठी) कावेच्या रंगाचा कागद घ्या. देवळांच्या भिंतींवर कावीचे काम करणारा लाल मातीचा रंग, तोच. त्यावर हिरवे फटकारे ओढा आणि मधूनमधून कागद उघडा सोडा. शेत जिवंत होते. गडदाकडून उजळाकडे जा. सगळे बोटाने चोळू नका, चोळलेला पेस्टल चिखल होतो. भुकटी फुंकू नका, कागद उभा धरून टिचकी मारा.

ॲक्रिलिक चूक झाकू देते, वाळल्यावर वरून पुन्हा लावता येते. पण एप्रिल-मेच्या उन्हात ते पॅलेटवरच कडक होते. झाकणाच्या डब्यात ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवा. तैलरंगाची घाई नको. ते घेतलेत तर खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे थर जवस तेलाचे. उलट केले तर पुढे भेगा पडतात.

पावसाळ्यात कोरा कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. बुरशी धरलेल्या जागी रंग डागासारखा शोषला जातो आणि तो डाग आकाश रंगवायला घेतल्यावरच दिसतो. पेस्टलच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला आणि गठ्ठा जमिनीला लागून ठेवू नका, फळीवर आडवा ठेवा.