तिलारीच्या कालव्याकडेची लाल धूळ आणि सायकलच्या चेनची करकर: माझा अनुभव

सिंधुदुर्गात दोडामार्गकडे तिलारीच्या कालव्याच्या बांधावरून ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावर चालणारी सायकल) चालवायला जाम मजा येते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला काजूच्या बागा नि कुळथाची शेतं, चढउतारही बेताचेच. पण उन्हाळ्यात जांभ्याची ती बारीक लाल धूळ तेल लावलेल्या चेनवर बसते आणि तिचा अक्षरशः पॉलिश पेपर होतो, आधी करकर, मग गिअर उड्या मारायला लागतात. नुसतं वरून पुसून काही होत नाही, कारण धूळ रोलरच्या आत गेलेली असते.

शेवटी तेलच बंद केलं, त्याऐवजी चेनला मेण द्यायचं ठरवलं. क्विक लिंक (चेन जोडणारी, खोलता येणारी कडी) खोलून चेन काढली, डिझेलमध्ये खळखळून धुतली, मग डिशवॉशच्या पाण्यात, आणि उन्हात कडकडीत वाळवली (हे नीट करा, ओशटपणा राहिला तर मेण धरत नाही). पॅराफिन मेण साधारण ६० डिग्रीला वितळतं, त्याचं भांडं उकळत्या पाण्यात ठेवायचं, थेट गॅसवर अजिबात नको, मेण पेट घेतं. चेन आत सोडली की बारीक बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत हलवत राहायची, मग टांगून ठेवायची. गार झाल्यावर काठीसारखी ताठ होते, प्रत्येक कडी हाताने मोडून मोकळी करायची.

आता धूळ चिकटतच नाही, फडकं मारलं की झालं. पावसाळ्यात मात्र मेण टिकत नाही, लगेच गंज धरतो, तेव्हा मी सरळ वेट ल्यूब (पावसात टिकणारं चेनचं तेल) वापरतो.