बटोना ट्रेल सपाट आहे म्हणून या चुका करू नका

सह्याद्रीत ट्रेक केलेली आपली मंडळी न्यू जर्सीत आली की बटोना ट्रेलचा नकाशा बघून म्हणतात, अरे हे तर सगळं सपाट, दोन दिवसात उरकू. मी पण पहिल्या वेळी हेच म्हणाले होते. साधारण 53 मैल, ओंग्ज हॅटपासून बास रिव्हरपर्यंत, ब्रेंडन बर्न, व्हॉर्टन आणि बास रिव्हर ही तीन स्टेट फॉरेस्ट, आणि वाटेतली नाव घेण्यासारखी टेकडी म्हणजे अ‍ॅपल पाय हिल, ती जेमतेम 200 फूट. पण पायाखाली वाळू आहे ना! चढ-उतार नसला की पाय तासन् तास एकाच पद्धतीने पडतो आणि त्यात बुटात बारीक वाळू शिरली की टाचेला फोड आलाच म्हणून समजा. दिवसाला 10-12 मैलच धरा, मोजे जास्तीचे घ्या आणि टाच चुरचुरायला लागली की तिथेच बसून बूट झाडा, पुढच्या कॅम्पवर बघू असं म्हणू नका.

आता गोचीड. सगळ्यात जास्त हलगर्जीपणा इथेच होतो. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, गेल्या मे महिन्यात माझ्या गुडघ्यामागे एक होती आणि मी तिला मातीचा कण समजून दोनदा बोटाने झटकलं, तिसऱ्यांदा टॉर्च मारला तेव्हा पाय हलताना दिसले. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. व्हॅसलिन लावणं, काडी पेटवून चटका देणं हे घरगुती उपाय अजिबात नकोत. साधारण 24 तासांच्या वर चिकटून राहिली तर लाईम या गोचिडीमुळे होणाऱ्या आजाराचा धोका वाढत जातो, त्यामुळे रोज रात्री काखा, कंबर, गुडघ्यामागे, केसात सगळं तपासायचंच, मुलं बरोबर असतील तर त्यांचं आधी. कपड्यांना आणि बुटांना घरूनच परमेथ्रिन (गोचीड मारणारं औषध) मारून वाळवून घ्या, ते अंगाला लावायचं नसतं. नंतर ताप आला किंवा अंगावर लाल चट्टा पसरायला लागला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा.

पाणी बघून घाबरू नका, ओढ्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, सीडरची झाडं आणि जमिनीतलं लोह यामुळे. फिल्टरने रंग जात नाही म्हणून फिल्टर बिघडला असं समजून लोक तो फेकतात किंवा मग उलट, पाणी तसंच पितात! फिल्टर करायचंच. कॅम्पवरच्या हातपंपाच्या भरवशावर रिकाम्या बाटल्या घेऊन चालू नका, निघायच्या आधी फॉरेस्ट ऑफिसला फोन करून पंप चालू आहे का ते विचारा.

त्याच फोनमध्ये परमिटचं पण बोलून घ्या, कारण वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, ठरलेल्या कॅम्पसाईटवरच राहायचं. आणि आगीची सूचना विचारा. हे पाईनचं जंगल पेट घ्यायला वेळ लावत नाही, जून 2022 मध्ये व्हॉर्टनमध्ये 13 हजार एकरांहून जास्त जळालं होतं. बंदी असेल तर शेकोटी नाही म्हणजे नाही, एक रात्र थालीपीठ आणि चटणीवर निघते.

वाट चुकते ती जंगलात नाही, वाळूच्या गाडीरस्त्यांवर. रुंद रस्ता आला की गप्पांच्या नादात माणूस सरळ चालत राहतो आणि ट्रेल बाजूच्या झाडीत वळलेला असतो. झाडांवर गुलाबी पट्टे असतात, एकावर एक दोन दिसले की वळण आहे. पाच मिनिटं पट्टा दिसला नाही तर मागे फिरा, शेवटचा दिसला तिथपर्यंत. फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, नकाशा आधीच डाऊनलोड करा, कागदाचाही ठेवा.

आणि साधी सेडान घेऊन त्या वाळूच्या रस्त्यांवर आत शिरू नका, चाक रुतलं तर टो करणारा यायला अख्खा दिवस जाऊ शकतो. गाडी वाटेतल्या बॅटस्टो गावात किंवा पक्क्या रस्त्यालगतच्या पार्किंगमध्ये लावा, रात्रभर चालेल का हेही आधी विचारून.