अनसर्क्युलेटेड नाणं ओळखताना या चुका टाळा

प्रदर्शनात कुठल्याही टेबलापाशी उभे राहा, हे वाक्य कानावर पडतंच: ‘बघा ना किती चमकतंय, यूएनसीच असणार!’ यूएनसी म्हणजे अनसर्क्युलेटेड, चलनात न फिरलेलं नाणं. चमकतं ते यूएनसी हा समज जितक्या लवकर जाईल तितके पैसे वाचतील.

टांकसाळीत छाप पडताना धातू दाबाखाली कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. खरी झळाळी त्या रेषांची. एकाच दिव्याखाली नाणं तिरपं धरून हळूहळू फिरवा, प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतील. घासलेलं नाणंही लखलखतं, पण त्यावरचा उजेड असा फिरत नाही आणि भिंगाखाली एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे दिसतात.

ओळखीच्या एका मुलाला आजीच्या पेटीत पंचम जॉर्जचे 1918 चे रुपये सापडले. कडेला निळसर-जांभळी, मध्ये सोनेरी छटा चढलेली. त्याला ते काळे पडलेले वाटले. माझ्याकडे आणण्याच्या आदल्या रात्री त्याने एक सोडून सगळे चिंच आणि टूथपेस्ट लावून घासले. उरलेला एक मी दिव्याखाली फिरवला. त्या छटेखालून प्रकाशाचा पट्टा राजाच्या गालावरून, मुकुटावरून सलग गेला, कुठेही तुटला नाही. बाकीच्यांचा तोच पृष्ठभाग मोरीत वाहून गेला होता. 1918 चा रुपया दुर्मीळ नाही, त्यामुळे त्याचं मोल जवळजवळ सगळं अवस्थेवर ठरतं. घासलेल्याला मिळतो तो 11.66 ग्रॅममधल्या चांदीचा भाव, फार तर थोडा वर. ‘दोन मिनिटांत नाणी चकाचक’ असले व्हिडिओ बनवणाऱ्यांचा मला अजून संताप येतो. नाणं घासू नका. पाण्याने नाही, लिंबाने नाही, मऊ फडक्यानेही नाही.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट: छाप कमी उठलेली असली की लोक तिला झीज समजतात. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती पाहा. 1911 च्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 पासून ठसा बदलला. हा बारीक हत्ती पुसट दिसला म्हणून नाणं लगेच वापरलेलं ठरवू नका. मी आधी भुवई, कान आणि मिशी पाहतो, कारण हे उंच भाग आधी झिजतात. तिथे झळाळी शाबूत असेल तर छापच कमी उठली आहे. तिथला रंग मंद, राखाडी झाला असेल तर नाणं हातोहात फिरलेलं आहे, विक्रेता काहीही म्हणो.

टांकसाळीच्या पोत्यात नाणी एकमेकांवर आपटून पडलेले खड्डे यूएनसीवरही असतात. त्यांना घाबरू नका.

नाणं कडेनेच धरा. अंगठ्याचा ठसा वर्षानुवर्षं राहतो.

मऊ पीव्हीसी पाकिटात नाणं ठेवलं की हिरवट चिकट थर येतो. मी मायलारचीच, म्हणजे पॉलिएस्टर प्लास्टिकची, पाकिटं वापरतो.

ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात नाणं तपासू नका, ओरखडे लपतात. टेबललॅम्प आणि 10 पट भिंग, एवढं सामान पुरतं. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी महाग नाणी घेऊ नयेत.

फोटोवरून तर कधीच नाही. मी विक्रेत्याकडे नाणं दिव्याखाली फिरवतानाचा व्हिडिओ मागतो. टाळाटाळ झाली की विषय संपला.