चार फुटांचा पट चुकतोय? आधी पटरची लांबी बघा

गोल्फमध्ये होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, बॉल होलकडे घरंगळवायची काठी म्हणजे पटर, आणि तो फटका म्हणजे पट. माझा पहिला पटर ३५ इंचांचा होता. दुकानात तेवढाच शिल्लक होता म्हणून घेतला. मी बराच वाकून उभा राहतो, त्यामुळे ग्रिपचं (मुठीचं) टोक पोटाला लागायचं आणि कोपरं बाहेर फाकायची. दोन वर्षं चार-पाच फुटांचे पट डावीकडे जात राहिले आणि मी मनगटांना दोष देत राहिलो. मग एके दिवशी कॅडी (माझी बॅग वाहणारा मदतनीस) म्हणाला, "साहेब, टो उचललाय बघा," आणि त्याने टोखालून, म्हणजे पटरच्या हेडच्या (बॉलला लागणाऱ्या खालच्या भागाच्या) पायांपासून लांबच्या टोकाखालून, एक रुपयाचं नाणं सहज सरकवून दाखवलं.

पार ७२ च्या (१८ होलना मिळून ७२ फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरले, तर निम्मे म्हणजे ३६ फटके एकट्या पटरचे होतात. तरीही लांब फटक्याच्या काठीसाठी, म्हणजे ड्रायव्हरसाठी, आपण दहा ठिकाणी चौकशी करतो आणि पटर मात्र हातात घेऊन चार वेळा हलवला की पैसे देऊन मोकळे होतो. माझं सांगणं एवढंच: लांबी आधी, मग लाय (दांडा जमिनीशी करतो तो कोन), मग हेडचा तोल, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की पैसे जातात. खरेदीत होणाऱ्या तीन चुका पुढे एकेक करून बघू.

लांबी उंचीवरून ठरवणं

दुकानात साधारण ३३, ३४ आणि ३५ इंच मिळतात. "तुमची उंची किती?" एवढंच विचारून पटर हातात दिला, तर थांबा. सारख्या उंचीचे दोघे वेगवेगळे वाकतात, हातांची लांबीही वेगळी असते. आधी पटर न घेता आपल्या नेहमीच्या पद्धतीने उभे राहा, हात खांद्यांपासून सैल सोडा आणि तळवे जुळवा. ग्रिप तिथे, त्या हातांपर्यंत यायला हवी, हातांनी ग्रिप शोधत जायचं नाही. मग पटर घेऊन बॉलसमोर उभे राहा आणि नाकाच्या वरच्या भागापासून दुसरा बॉल सोडून बघा. तो खालच्या बॉलवर किंवा किंचित पायांच्या बाजूला पडला तर ठीक. बराच पायांकडे पडला तर बहुधा पटर लांब आहे आणि तुम्ही बॉलपासून दूर ढकलले गेला आहात. बॉलच्या पलीकडे पडला तर पटर आखूड आहे किंवा तुम्ही फारच वाकलाय.

लांब पटर कापून घेता येतो, पण दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. शाफ्ट (दांडा) कापला की हेड हलकं वाटू लागतं, त्यावर शिशाची पट्टी लावावी लागते. आणि हात खाली आले की टो उचलला जातो, म्हणजे लायही बदलून घ्यावी लागते. मऊ स्टीलचा पटर मशीनवर वाकवता येतो, सगळे येत नाहीत. कापण्याआधी विचारून घ्या.

टो उचललेला असला तर फेस, म्हणजे हेडची बॉलला लागणारी बाजू, थोडा डावीकडे बघतो (डावखुऱ्यांनी उलटं धरावं). पटरला लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) कमी असल्याने दिशेतला फरक मोठा नसतो. खरा त्रास असा की आपण नकळत हीलने (हेडच्या पायांकडच्या टोकाने) मारू लागतो आणि निशाणाही चुकतो.

चॅम्पियनचा पटर उचलणं

अमेरिकन गोल्फर स्कॉटी शेफ्लर मार्च २०२४ मध्ये ब्लेड (पातळ हेडचा पटर) सोडून मॅलेटकडे (मोठ्या हेडच्या पटरकडे) वळला आणि लगेच बे हिलची स्पर्धा जिंकला. पुढच्याच महिन्यात मास्टर्स ही मोठी स्पर्धाही. पण त्याने आपली अडचण ओळखून बदल केला होता, आणि त्याची उंची ६ फूट ३ इंच आहे. त्याच्यासाठी जुळलेलं हेड माझ्या-तुमच्या हातात तसंच चालेल असं नाही.

तुमच्या स्ट्रोकचा आकार घरीच कळतो. फरशीच्या सांध्यावर हेड ठेवा आणि सावकाश दहा-बारा वेळा झुलवा. हेड सांध्यावरूनच मागेपुढे जातं, की आत वळून परत येतं? मग पटरचा शाफ्ट हेडच्या जवळ बोटावर आडवा तोलून धरा. फेस आकाशाकडे बघत राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड, टो खाली लोंबला तर टो-हँग. सरळ स्ट्रोकला पहिला, वळणाऱ्या स्ट्रोकला दुसरा, हा जुना ठोकताळा. मी त्याला नियम मानत नाही, पण सुरुवात इथूनच करावी. वळणारा स्ट्रोक आणि फेस-बॅलन्स्ड पटर असूनही बॉल सरळ जात असतील, तर तो पटर बदलू नका.

दुकानातल्या मॅटवर निर्णय घेणं

मॅट सपाट असते, वेगवान असते, आणि तिथला बॉलही आपला नसतो. कडक आवरणाचा बॉल मऊ इन्सर्टवर (फेसमध्ये बसवलेल्या तुकड्यावर) वेगळा वाजतो आणि त्या आवाजावरून आपण अंतराचा अंदाज बांधत असतो. शक्य असेल तर डेमो पटर सरावाच्या ग्रीनवर न्या, आपलाच बॉल घ्या. सहा फुटांवरून निशाणा धरा, न हलता उभे राहा आणि कॅडीला मागे बसून फेस कुठे बघतोय ते सांगायला लावा. एक रेघ असलेल्या हेडवर काहींचा निशाणा बरोबर लागतो, तर काहींना रेघच गोंधळात टाकते. पटचा बॉल कोणत्या दिशेला निघतो हे मुख्यतः फेसच ठरवतो, म्हणून मला ही चाचणी सगळ्यात मोलाची वाटते.

लॉफ्टकडे तर कोणी बघतच नाही. बहुतेक पटरना तीन-चार अंश असतो. पावसाळ्यात आपल्याकडचे ग्रीन ओले आणि मंद होतात, गवत वाढलेलं असतं आणि बॉल त्यात किंचित बसतो. अशा वेळी हात पुढे झुकवून मारणाऱ्याचा उरलासुरला लॉफ्टही संपतो. बॉल आधी जमिनीत दाबला जातो, उडी मारतो आणि मग घरंगळतो. तुमचे लांब पट जूनपासून अचानक आखूड पडू लागले असतील, तर नवा पटर घेण्याआधी हात बॉलच्या बरोबर वर ठेवून वीस पट मारून बघा.