डॉग ट्रेनिंगवर पोट भरायचंय? मग या चुका टाळा

दर आठवड्याला कुणाचा तरी फोन येतोच, दादा मला कुत्र्यांची जाम आवड आहे, नोकरी सोडून ट्रेनर व्हायचंय. व्हा की. पण या धंद्यात दिवसभर डोकं लावायचं असतं माणसांशी, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

पहिली चूक, "15 दिवसांत गॅरंटी". मी पण दिलीये, म्हणून सांगतो. पुण्यात कोथरूडला एक लॅब्रॅडॉर होता, दहा महिन्यांचा, जेवायला बसलं की टेबलावर उड्या. घरचे म्हणाले आम्हाला वेळ नाही, तुम्हीच शिकवा. रोज सकाळी पार्किंगमध्ये पाऊण तास घेतला, बस, थांब, सोड, सगळं पक्कं, शेवटच्या दिवशी घरच्यांसमोर डेमो दिला, व्हिडिओ झाले, पैसे मिळाले, मी खूश. आठ दिवसांनी फोन, "सर, हा तुमचंच ऐकतो हो." जाऊन बघतो तर आजी टेबलाखालून पोळी देतायत, आजोबांचं "सिट सिट सिट सिट" चालूय आणि पोरगा उडी मारली की त्याला मिठी मारतोय. आता यात कुत्र्याचं काय चुकलं? अर्धे पैसे परत केले. तेव्हापासून पहिल्या भेटीला आजी-आजोबा, स्वयंपाकाच्या मावशी, सगळे हजर लागतात, पट्टा माझ्या हातात दहाच मिनिटं, मग घरच्यांच्या, आणि कुठल्या कामाला कुठला शब्द ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायचं. पोळी बंद करा असं मात्र मी आजींना सांगत नाही, त्या थोडीच ऐकणारेत! पोळी द्या, पण तो त्याच्या गादीवर बसला असेल तेव्हाच आणि तिथेच ठेवा, एवढं सांगतो. कुत्री आपोआप गादीवर जाऊन बसायला लागतात.

दुसरी चूक बघितली की माझं डोकंच फिरतं. काटेरी पट्टा घालायचा, गुरगुरला की झटका द्यायचा आणि रीलवर टाकायचं "अल्फा कोण ते दाखवा". अरे, लांडग्यांमधल्या अल्फाची, म्हणजे दादागिरी करणाऱ्या म्होरक्याची, गोष्ट ज्यांच्यामुळे सगळीकडे पसरली त्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांनी स्वतःच 1999 मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आणि गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने तोंडाने सांगितलेलं "लांब हो". ते मारून बंद केलं की भीती जात नाही, फक्त सांगणं जातं. असाच एक "सुधारलेला" जर्मन शेफर्ड माझ्याकडे आला, गुरगुरला नाही, काही नाही, सरळ मनगट धरलं. साबण लावून नळाखाली 15 मिनिटं हात धुतला आणि इंजेक्शनं घ्यायला गेलो. तेव्हापासून चावणाऱ्या कुत्र्याला आधी व्हेटकडे पाठवतो, कारण कान दुखत असेल, सांधे दुखत असतील तर ट्रेनिंग काय कामाचं? नवीन असाल तर अशा केस घेऊच नका, पैसे कितीही देऊ देत.

बाकीच्या पटापट सांगतो. रेबीजची लस स्वतः आधीच घेऊन ठेवा, कुत्र्याचं लसीचं कार्ड बघितल्याशिवाय हात लावू नका. सकाळी हिंजवडी आणि लगेच शहराच्या दुसऱ्या टोकाला वाघोली असं बुकिंग घेतलं की कमाई पेट्रोलमध्ये गेलीच म्हणून समजा, मी एरिया वाटून वार ठरवलेत. पैसे शेवटी घेऊ नका, निम्मे आधी. खाऊ म्हणून बिस्किटं नकोत, उकडलेलं चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे.

आणि फटाके. दिवाळीच्या चार दिवस आधी फोन येतो, "भीती घालवून द्या". तेवढ्यात नाही होत, पैसे घेऊन हो म्हणणारे ट्रेनर पुढच्या वर्षी त्या सोसायटीत दिसत नाहीत. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर एकदम बारीक लावून वर चिकन देत बसायचं, हे काम मी पावसाळ्यातच सुरू करतो. तसंही तेव्हा मैदानावरचे सेशन निम्मे कॅन्सल झालेले असतात.