कठीण गोळ्यांचं सिम्युलेशन एकाच टकरीवर अडकतं? माझा अनुभव

लक्षण: ५०० गोळे, भरण-अंश (खोक्याच्या आकारमानापैकी गोळ्यांनी व्यापलेला भाग) ०.४०, घटनाधारित पद्धत (थेट पुढच्या टकरीच्या वेळेवर उडी मारणारी; आल्डर-वेनराइटची, १९५७). तासाभराने टकरींचा आकडा धडाधड वाढतो, पण सिम्युलेशनचं घड्याळ ढिम्म. छापून पाहिलं तर २१७ आणि ३८८ नंबरच्या गोळ्यांची हीच जोडी आपटतेय.

नवा सीड (यादृच्छिक सुरुवातीचा आकडा), डबल प्रिसिजन (जास्त अंकांची अचूकता), व्यास किंचित कमी असं करून पाहिलं: अडकणं फक्त लांबलं. नाशिकरोडच्या खोलीत तीन रात्री गेल्या, त्यात लाईट गेली ती वेगळीच.

टकरीनंतर राउंडिंगमुळे अंतर व्यासापेक्षा केसभर कमी उरतं आणि दूर जाणारी जोडीही पुन्हा धडकणार असं गणित सांगतं. बदल याच क्रमाने करा.

r म्हणजे एका गोळ्याच्या केंद्रापासून दुसऱ्याच्या केंद्रापर्यंतचा सदिश, v त्यांचा सापेक्ष वेग, σ व्यास. आधी r वर मिनिमम इमेज लावा, म्हणजे खोक्याच्या पुनरावृत्त प्रतींपैकी सर्वांत जवळची प्रत घ्या (हे मी नंतर लावत होतो, गाढवपणा). मग b = r·v; b शून्य किंवा धन असेल (गोळे जवळ येत नाहीत) तर जोडी तिथेच सोडा. मग c = r² − σ², d = b² − v²c; d ऋण असेल (टक्कर होतच नाही) तरी सोडा. वेळ t = c/(−b+√d) असा काढा; नेहमीच्या सूत्रातली वजाबाकी अचूकता खाते. t ऋण आला तर शून्य धरा.

रात्रभर चालवून सकाळी मिसळ खाऊन आलो: PV/NkT (आदर्श वायूच्या तुलनेत दाब किती पट) ६.९ च्या आसपास. कठीण गोळ्यांच्या दाबाचं कार्नाहान-स्टार्लिंगचं सूत्र ६.९३ देतं, म्हणजे जुळलं.